उरलं ते कुणाचं?

लुहियाला जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची, ती म्हणजे आपियाची बोट. भर महासागरातल्या टोकेलाऊच्या बेटावर जन्मलेल्या आणि होडीवाल्याशी लग्न केलेल्या बाईने बोटीला घाबरावं, ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, म्हणून ती कुणाला सांगत नसे. बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या भिंतीच्या आतल्या शांत पाण्यात ती नवऱ्याबरोबर खुशाल फिरायची. पण बाहेरचा समुद्र, त्यावर डुलणारी ती मोठी बोट आणि तिच्या पोटातून येणारा डिझेलचा वास यांची नुसती आठवण झाली तरी तिला जेवण जात नसे. समुद्रापलीकडच्या आपिया शहरात शिक्षिकेचं शिक्षण संपवून ती घरी आली तेव्हा तिने तीस तास पोटातलं सगळं समुद्राला दिलं, आणि तरी समुद्राचं समाधान झालं नाही. वाळूवर पाय टेकताच तिने मनाशी ठरवलं की मेले तरी बेहत्तर, पुन्हा बोटीत चढायची नाही.

आणि आता तिच्या सातवीच्या पोरांनीच तिला बोटीत बसवायची सोय केली होती.

झालं असं की सहामाही परीक्षेत अपूर्णांकांच्या पानावर पोरांनी सगळीकडे शून्य लिहिलं. मग आपियातल्या शिक्षणखात्याच्या कचेरीतून फोन आला. हॅडली नावाचे साहेब पुढच्या महिन्यात येतील, मुलांना अपूर्णांक येतात का ते स्वतः बघतील, आणि येत नसतील तर बाईंनी त्याच बोटीने साहेबांबरोबर निघावं, आपियात वर्षभर नव्याने शिकावं. फोनवरचा माणूस फार गोड बोलत होता. राहण्याजेवणाची सगळी व्यवस्था करू, काही काळजी करू नका, म्हणाला. जेवणाचं नाव ऐकताच लुहियाने फोन कानापासून लांब धरला.

बरं, पोरं ढ होती म्हणावं तर तसंही नाही. वाटणीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गावात मासे आले की इनाती होते. सगळ्या होड्यांतले मासे किनाऱ्यावर एका जागी ओततात, म्हातारा हाकारिया ढीग लावतो, आणि ज्या घरात जितकी डोकी तितका त्या घराचा वाटा. काल जन्मलेलं बाळ एक डोकं, दात पडलेली पणजी एक डोकं, मासे धरायला गेलेला एक डोकं आणि दिवसभर घरी घोरत पडलेला तोही एक डोकं. हाकारिया घराचं नाव पुकारतो, त्या घरचं पोर टोपली घेऊन पुढे येतं आणि आपला ढीग उचलून नेतं. शेवटचा ढीग उचलला की वाळूवर काही उरता कामा नये. उरलं, तर त्याचा अर्थ एकच की कुणाला तरी विसरलो. हाकारिया तरुण असताना त्याच्या हातून एकदा एक कुपा उरला होता. तो मासा नक्की कुणाचा होता यावर गावातल्या म्हाताऱ्या अजून वाद घालतात, आणि विषय निघाला की हाकारिया उठून जातो.

तर अशा गावात न्यूझीलंडहून गणिताचं पुस्तक आलं. त्यात टॉम नावाचा एक मुलगा होता. टॉमकडे एक केक. केकचे आठ समान भाग केले. टॉमने तीन खाल्ले. तर किती उरला? अकरा पोरांनी अकरा वह्यांत लिहिलं, शून्य.

"असं कसं शून्य?" लुहियाने विचारलं.

व्हितोलिया उभी राहिली. ही मुलगी वर्गात सगळ्यांत हुशार, आणि चुकीचं काही दिसलं की तिला गप्प बसवत नसे. "बाई, टॉमच्या घरी तीन डोकी असणार. म्हणून त्याला तीन मिळाले. बाकीचे पाच ज्यांचे त्यांनी नेले."

"पण पुस्तकात दुसरं कुणी आहे का?"

"लिहिलं नाहीये. पण आठ डोकी असल्याशिवाय केकचे आठ भाग कोण करेल?"

खरं सांगायचं तर लहानपणी हा प्रश्न तिलाही पडला होता. तिने निमूटपणे बरोबर उत्तर पाठ केलं होतं, एवढाच काय तो फरक.

कावे नावाच्या मुलाचं मत वेगळं होतं. तो म्हणाला, टॉम चोर आहे. घरचे यायच्या आत त्याने तीन तुकडे मारले, आता त्याला चोप बसणार. ते सोड, पण केक किती उरला, असं लुहियाने विचारलं. तर कावेचं म्हणणं असं पडलं की एवढा तमाशा झाल्यावर केक कुठला राहतोय.

केक सोडून तिने अंडी घेतली, नारळ घेतले, मण्यांची माळ घेतली. पन्नास नारळांचा दोन पंचमांश वाटा किती, असं विचारायचा अवकाश, पोरं उत्तर द्यायची. पण उरले किती, म्हटलं की अकरा चेहरे कोरे व्हायचे, आणि कुणाला विसरलो याचा शोध सुरू व्हायचा. फळ्यावर लिहिलेल्या माणसांना आईवडील जोडले जायचे, मग काकामामा, मग एक आजारी आत्या, आणि शेवटी सगळं संपून जायचं.

शेवटी लुहियाने ठरवलं की आता करूनच दाखवायचं. बोट उशिरा येणार म्हणून बेटावर पिठाचा तुटवडा होता, तरी तिने घरातलं होतं नव्हतं ते पीठ काढून केक भाजला. वर्गात आणून टेबलावर ठेवला, पोरांसमोर त्याचे नीट आठ भाग केले. म्हणाली, आता बोलायचं नाही, फक्त बघायचं. आणि तिने एकामागून एक तीन तुकडे खाल्ले.

पहिला खाल्ला तेव्हा पोरं हसली. दुसऱ्याला हसणं थांबलं. तिसऱ्याला मागच्या बाकावर कुणीतरी देवाचं नाव घेतलं. उभ्या आयुष्यात त्या पोरांनी एका माणसाला दुसऱ्यांसमोर एकट्याने खाताना पाहिलं नव्हतं, आणि ते माणूस त्यांच्या बाई निघाव्यात म्हणजे फारच झालं. तिसरा तुकडा लुहियाच्याही घशाखाली जाईना. कोरडा होता तो, शिवाय बावीस डोळे तिच्या जबड्याकडे लागलेले.

"आता," तिने घास गिळून विचारलं, "किती उरला?"

मग व्हितोलिया हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाला घरी जेवायला मिळतं ना?"

लुहियाने कपाळाला हात लावला. तिने हात काढेपर्यंत व्हितोलियाने सुरी घेतली होती. उरलेल्या पाच तुकड्यांपैकी प्रत्येकाचे तिने अकरा अकरा भाग केले आणि प्रत्येक पोराच्या तळहातावर पाच पाच कण ठेवले. म्हणजे प्रत्येकाला एका तुकड्याचा पाच अकरांश. एकाला कमी नाही, एकाला जास्त नाही. मोठमोठ्या माणसांना कागद-पेन्सिल घेऊन जमणार नाही असं गणित तिने केकच्या चुऱ्यावर उभ्या उभ्या केलं. मग ताटली उलटी करून बाईंना दाखवली. उरला शून्य.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. बेट असं की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला देव बरं करो म्हणतात, तिथे ही बातमी कुठली लपून राहणार. आधी व्हितोलियाची आई भाजलेला नीरफणस घेऊन आली आणि दारात ठेवून गेली. मग बायकांच्या समितीच्या अध्यक्षबाई आल्या, त्यांनी नारळाच्या दुधात शिजवलेला मासा आणला आणि लुहियाच्या पोटाकडे बघून फार प्रेमाने हसल्या. संध्याकाळपर्यंत घरात इतकं अन्न जमलं की दार लावायला जागा राहिली नाही. गावात दोन तट पडले होते. अर्ध्या गावाचं म्हणणं, बाईंना दिवस गेलेत. उरलेल्या अर्ध्याचं म्हणणं, नवरा तिचा वाटा खातो.

नवरा फालानिको होडी लावून आला तो पाय आपटतच. "किनाऱ्यावर मला विचारतात, बायकोला उपाशी का ठेवतोस म्हणून. मी तुझा वाटा खातो म्हणे."

"खातोस थोडा," लुहिया म्हणाली.

"ते वेगळं. ते गावाला कशाला कळायला हवं?" असं म्हणून तो खाली बसला आणि समोरच्या नीरफणसाला हात घातला.

रविवारी प्रार्थनेत हावरेपणावर प्रवचन झालं. बोलणाऱ्याने सबंध प्रवचनात एकदाही लुहियाकडे पाहिलं नाही, त्यामुळे ते कुणाबद्दल आहे हे सगळ्यांना बरोबर कळलं. बाहेर पडताना हाकारियाने तिला गाठलं. त्याचा चेहरा इतका उतरला होता की तिलाच वाईट वाटलं. पोरी, कमी पडत होतं तर मला सांगायचं होतंस, म्हणाला. तुझ्या घराचा ढीग लावताना माझ्याकडून काही चुकलं का, असं त्याने दोनदा विचारलं.

"आजोबा, मला खायला नकोय," लुहिया रडकुंडीला येऊन म्हणाली. "मला बाकी हवीय."

हाकारियाने मान हलवली. बाकी त्याने आयुष्यात कुणाला दिली नव्हती.

आता हॅडलीसाहेब यायला फार दिवस राहिले नव्हते. लुहिया रात्री डोळे मिटायची तर जमीन डुलायला लागायची. तिने पोरांना सरळ विनवून पाहिलं, की बाबांनो, समजलं नाही तरी चालेल, नुसतं आठातून तीन गेले पाच असं लिहा. पोरांनी तेही केलं असतं, त्यांचा तिच्यावर जीव होता. पण व्हितोलियाने विचारलं, "बाई, जे खोटं आहे ते कसं लिहायचं?" आणि लुहियाला लाज वाटली.

मग एके दिवशी भरपूर कुपा मिळाला. सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. हाकारिया एकेक घर पुकारत होता, पोरं टोपल्या भरून नेत होती. सगळं आटोपलं, लोक पांगले, आणि लुहियाला दिसलं की वाळूवर चारपाच ढीग तसेच आहेत. हाकारिया त्यांच्यावर नारळाच्या झावळ्या घालत होता. ती धावत जवळ गेली.

"आजोबा, हे उरलंय की."

"उरलंय कसं?" म्हातारा एकदम चिडला. त्या जुन्या माशावरून बोलतेय असं त्याला वाटलं असावं. "तोंड सांभाळून बोल. हे ठेवलंय. पेलेनाचं घर, तिमोतेचं घर, सगळे पलीकडच्या बेटावर नारळ तोडायला गेलेत, दिसत नाही का? आल्यावर नेतील."

लुहियाने सगळ्यांसमोर त्या म्हाताऱ्याच्या दोन्ही गालांची पापी घेतली आणि घराकडे पळत सुटली. दिवस गेलेत म्हणणाऱ्या तटाने याची नोंद घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर तोच टॉम आणि तोच केक काढला. म्हणाली, टॉमच्या घरचे पलीकडच्या बेटावर नारळाला गेलेत. केकचे आठ भाग झाले, टॉमने आपले तीन खाल्ले. तर झावळीखाली किती ठेवायचे?

अकरा हात वर गेले. पाच अष्टमांश.

लुहियाने खिडकीतून बाहेर बघितलं, डोळे पुसले आणि पुढचं उदाहरण घातलं. झाडावर चोवीस पक्षी, त्यातले एक तृतीयांश उडाले. सोळा ठेवले, बाई. टाकीतलं दोन सप्तमांश पाणी वापरलं. पाच सप्तमांश ठेवलं. पोरांना आता थांबवता येईना. अडचण एवढीच झाली की त्यांना टॉमच्या घरच्यांची काळजी लागली. इतके दिवस पलीकडे राहून ते करतात तरी काय, समुद्र खवळलाय का, तोवर केक नासणार नाही का, असं कावे रोज विचारायचा. एका सकाळी वर्गाने आपणहून टॉमच्या आईसाठी प्रार्थना केली.

हॅडलीसाहेब आले ते बोटीतून किनाऱ्याला आणणाऱ्या छोट्या पडावातून जवळजवळ उचलूनच आणावे लागले. उंच, केस पांढरे झालेले, स्वभावाने सज्जन माणूस, पण त्या घटकेला रंगाने कच्च्या पपईसारखा. झाडाखाली चटईवर आडवे झाले आणि कुणी काही विचारलं की नुसता एक हात वर करायचे. बोट पुढच्या बेटाला गेली, दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत येणार होती. लुहिया त्यांना शहाळ्याचं पाणी पाजत बसली आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिला स्वतःचं भविष्य दिसत राहिलं. घरी फालानिकोने तिची पेटी माळ्यावरून खाली काढून ठेवली होती. लागणार नाही, पण असू दे, म्हणाला.

सकाळी साहेब वर्गात आले तेव्हा जरा माणसात होते. त्यांनी पिशवीतून एक प्लॅस्टिकचा पिझ्झा काढला. खात्याने दिलेला, सुटे आठ तुकडे, त्यावर रंगवलेले टोमॅटो. पोरांनी तो आदराने पाहिला. साहेबांनी तीन तुकडे उचलले, तोंडाशी नेऊन खाल्ल्यासारखं केलं आणि विचारलं, किती उरला?

लुहियाने मनातल्या मनात झावळी, झावळी म्हटलं.

"पाच अष्टमांश, सर," कावे म्हणाला. "झाकून ठेवू?"

साहेबांना हे काय ते कळलं नाही, पण उत्तर बरोबर होतं म्हणून त्यांनी मान हलवली. कावेने पुढे होऊन आपल्या वहीने ते पाच तुकडे झाकले. लुहियाचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ नाही. कारण साहेब खुशीत येऊन म्हणाले, "छान. आता मी आणखी दोन खाल्ले," आणि त्यांनी वही उचलली.

वर्गात एकदम सामसूम झाली. लुहियाला त्या शांततेत बोटीचं इंजिन ऐकू आल्यासारखं वाटलं.

व्हितोलिया उठली. "सर, ते तुमचे नाहीत."

"अं?"

"तुमचे तीन तुम्ही खाल्लेत. हे पलीकडे गेलेल्यांचे आहेत. तुम्ही पाहुणे आहात, तुम्ही मागाल तर आम्ही आमच्यातले देऊ. पण ते इथे नाहीत, त्यांना विचारता येत नाही."

हॅडलीसाहेबांनी हातातल्या वहीकडे पाहिलं, मग लुहियाकडे. लुहियाने जमिनीकडे पाहिलं. तिला वाटलं, संपलं सगळं. मग साहेबांनी वही परत प्लॅस्टिकवर ठेवली आणि चोरी पकडली गेल्यासारखे म्हणाले, "माफ करा. मला माहीत नव्हतं." आणि अगदी हळू आवाजात, "किती जण गेलेत पलीकडे?"

पोरांनी आपसात नावं मोजली. त्या दिवशी खरोखरच पंधरा जण गेले होते.

"मग त्या प्रत्येकाला अख्ख्या पिझ्झाचा कितवा भाग मिळेल?"

हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता. बिचाऱ्यांनी पाहुणा म्हणून बोलणं पुढे चालवायला विचारला असावा. पण त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत अर्धा वर्ग बोलला, "एक चोविसांश." कावे म्हणाला, "सर, फार कमी आहे. दुसरा नव्हता का आणायला?"

साहेबांनी पेन्सिल काढली, पाच अष्टमांशाला पंधराने भागलं, डोक्यात बोट अजून डुलत असल्यामुळे एकदा चुकले, परत भागलं, आणि खाली बसले. हे गणित नववीतल्या मुलांनाही चटकन येत नाही, असं ते पुटपुटले. नंतर त्यांनी तासभर पोरांना विचारून विचारून दमवलं, म्हणजे खरं तर स्वतःच दमले. पोरं पास झाली. लुहिया वर्गाच्या मागे जाऊन एकटीच हसत उभी राहिली.

दुपारी सभाघरात जेवण झालं. सगळी थोर मंडळी बसली होती, पोरं शहाळी फिरवत होती, आणि हॅडलीसाहेब भाषणाला उभे राहिले. त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. अशी शिकवण्याची पद्धत आपण कुठे पाहिली नाही, म्हणाले. आणि मग म्हणाले की ही पद्धत एका बेटावर ठेवणं बरं नाही, म्हणून लुहियाबाईंनी आजच्याच बोटीने आपल्याबरोबर आपियाला यावं आणि सहा महिने तिथल्या शिक्षकांना हे शिकवावं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लुहियाच्या हातातलं शहाळं कलंडलं. पोरं नापास झाली असती तर बोट, आणि पास झाली तरी बोट. हा कुठला न्याय, असं तिला ओरडून विचारावंसं वाटलं. हाकारिया तर इतका खूश झाला की त्याला राहवेना. चांगलं काही हाती लागलं की ते सगळ्यांत वाटायचं, हेच आपण करत आलो, बाईंनी जरूर जावं, असं त्याने उभं राहून सांगितलं. सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात फालानिको पेटीला दोरी बांधायला उठला.

थोरांच्या सभेत बोलायची लुहियाला सवय नव्हती. पण तीस तासांचा समुद्र समोर दिसायला लागला की माणसाला वाचा फुटते.

"हाकारियाआजोबा," ती म्हणाली, "एक विचारू? तुम्ही इतकी वर्षं इनाती लावताय. कधी कुणाच्या दारात मासा नेऊन दिलाय?"

"मी?" म्हातारा दुखावला. "मी कशाला नेऊन देऊ? मी हाक मारतो. ज्याचा वाटा त्याने टोपली घेऊन यावं आणि न्यावा. घरोघर हिंडायला लागलो तर निम्मे मासे वाटेत कमी झाले म्हणून लोक माझ्याच नावाने बोंब मारतील."

"मग मला का नेऊन देताय?"

सभाघरात कुजबुज झाली. हाकारियाने डोळे मिटले. वाटणीचा प्रश्न आला की तो असाच डोळे मिटून बसायचा, आणि तोवर कुणी बोलायचं नाही अशी रीत होती. मग त्याने डोळे उघडले आणि साहेबांकडे वळला.

"साहेब, पोरगी बरोबर बोलतेय. तुमचा वाटा आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण आपियाच्या मास्तरांना टोपल्या घेऊन इथे यावं लागेल."

एकदा हाकारियाने ढीग लावला की त्यात फेरफार होत नसतो. साहेबांनी सभोवार पाहिलं, मान तुकवली आणि तसं लिहून कळवीन, म्हणाले. बायकांच्या समितीने तिथल्या तिथे मास्तरांसाठी चटया विणायची जबाबदारी वाटून घेतली.

बोट आली. प्रवाळाच्या बाहेर ती उभी राहिली आणि साहेबांना न्यायला पडाव किनाऱ्याला लागला. सगळं गाव निरोपाला आलं होतं. लुहियाला इतकं हलकं वाटत होतं की ती साहेबांची पिशवीसुद्धा स्वतःच घेऊन चालली होती. पडावाशी आल्यावर साहेब थांबले. ते बोटीकडे बघत नव्हते, पायांकडे बघत होते.

"बाई," ते कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तुम्हाला बोट लागते, हो ना?"

लुहिया ओशाळली. मग म्हणाली, "हो."

"मलाही. इतकी वर्षं ही नोकरी करतोय. घरीसुद्धा माहीत नाही."

त्यांचा चेहरा आत्ताच पपईच्या रंगाचा व्हायला लागला होता. लुहियाने बोटीकडे पाहिलं. तीस तास, आणि हा माणूस एकटा. आपल्या सुटकेचा तिला दुपारपासून झालेला आनंद एकाएकी तिच्या घशात अडकला, केकच्या त्या तिसऱ्या तुकड्यासारखा. ती स्वतःवरच चिडली. मग तिने झगा गुडघ्यापर्यंत उचलला, पाण्यातून चालत गेली आणि पडावात चढून बसली.

"मी बोटीपर्यंत येते," ती म्हणाली. "पुढचं तुमचं तुम्हाला बघावं लागेल."

किनाऱ्यावरून गावाने पाहिलं की पडाव खडकांच्या फटीतून बाहेर पडला, पहिल्या लाटेवर उभा झाला आणि धाडकन खाली आला. मग दिसलं की साहेब एका बाजूला वाकलेत आणि बाई दुसऱ्या बाजूला. दिवस गेलेत म्हणणाऱ्या तटाने एकमेकांना कोपराने ढोसलं.

पडाव परत आला तेव्हा फालानिकोने तिला उचलून वाळूवर ठेवलं. ती तिथेच आडवी झाली. पोरांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं. व्हितोलिया तिच्या डोक्याशी बसली, कपाळावरचे ओले केस मागे सारले आणि बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

"बाई, आपियापर्यंत तीस तास ना? तुम्ही पाव तास गेलात."

"हं."

"म्हणजे तुम्ही त्यांचा एक छेद एकशेवीस भाग घेतलात." तिने बोटीकडे पाहिलं. बोट आता वळून निघाली होती. "आणि एकशे एकोणीस छेद एकशेवीस उरला."

सबंध वर्षात वर्गातल्या एकाही पोराच्या तोंडून लुहियाने तो शब्द ऐकला नव्हता. तिने एक डोळा उघडला. "ठेवला नाही म्हणालीस?"

"ठेवला कुणासाठी म्हणू, बाई? घ्यायला कुणी नाहीच ना तिथे," व्हितोलिया म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "सगळा त्यांनाच उरला."